चिपट्याची शीग

बोलणारा मीच आहे, पितळेचं चिपटं. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात बसलोय. एका बाजूला चिनीमातीचा हत्ती, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी ट्रॉफी. दोघंही मुखदुर्बळ. म्हटलं, तुमच्याशीच चार शब्द बोलावेत.

चिपटं म्हणजे पावशेराचं माप. चहाचा मोठा कप रिकामा होईल एवढं माझं पोट. भंडाऱ्याच्या कारागिरानं मला ठोकून घडवलं आणि सानगडीच्या एका धानकऱ्याच्या घरी मी तांदळाच्या डब्यात राहायला गेलो. सकाळ-संध्याकाळ तांदळात बुडी मारायची आणि भरून वर यायचं, हेच माझं काम.

त्या घरच्या निर्मलाबाई मला नेहमी शीग लावून भरायच्या. काठावर तांदळाचा उंचवटा दिसलाच पाहिजे! कुणी वरून हात फिरवून सपाट केलं की डोळे वटारायच्या.

"सपाट माप दुकानदाराचं. आपलं घर का दुकान हाय?"

त्या गेल्या आणि घरात त्यांचे यजमान तुलाराम एकटे उरले. मुलगी रीना पुण्यात. आईच्या वर्षश्राद्धाला येऊन गेली, त्यानंतर तिला सवड झाली नाही. तुलाराम सकाळी एकदाच मला भरायचे, शीग लावून, आणि तोच भात दोन्ही वेळा खायचे. भरताना काहीबाही बोलायचे. माझ्याशी नव्हे, निर्मलाबाईंशी. मला वाईट वाटायचं, पण ऐकायला कुणीतरी हवं म्हणून मी ऐकायचो.

एके दिवशी नात टीनाचा फोन आला. "आबा, माझा वाढदिवस तुमच्याकडे करू? तिकडे चॉकलेट केक मिळतो?"

"घरीच बनवतो ना वो! तू ये फक्त."

म्हातारा बोलून तर बसला. आयुष्यात चहापलीकडे काही गोड केलं नव्हतं. पण केक बिघडला तर पोरगी पुन्हा यायचं नाव काढणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

रीनानं कृती सांगितली. त्यात वितळवलेलं काळं चॉकलेट होतं. ते सानगडीत कुठून मिळणार? तुलाराम बसनं साकोलीला गेले, तिथेही बिस्किटं भरलेली गोड चॉकलेटंच. मग रीना फोनवर म्हणाली, "कोको पावडर घ्या बाबा. चॉकलेटात चिकनाई असते, कोकोत कमी. म्हणून तूप थोडं जास्त टाका."

मैदा, साखर, दूध माझ्यात भरून मोजलं. कोको चमच्यानं. कुकरच्या तळाला मीठ पसरून भांडं ठेवलं. बाहेर आला तो केक कसला, खापर! वर कडू जहर. फेकायचं जिवावर आलं म्हणून तुलाराम ते चहात बुडवून कित्येक दिवस खात राहिले.

"बाबा, शीग लावली का तुम्ही?" रीनानं फोनवर विचारलं.

"मंग? नातीच्या केकले सपाट माप देऊ का?"

रीना खूप हसली. "पण दुधाले शीग लागते का, बाबा? मैदा अन् कोको वाढला, दूध तेवढंच राहिलं. मंग कडकच होणार ना. काठोकाठ घ्याचं, वरून चाकू फिरवाचा."

दुसऱ्यांदा मैदा भरला. चाकूची पाठ माझ्या तोंडावर टेकली आणि तिथेच थांबली. "निर्मला, रागावू नको वो," ते हळूच म्हणाले. "टीना येऊन राहिली." मग एकदाच हात फिरवला. वरची शीग ताटात पडली.

केक मात्र झकास झाला. वाढदिवसाला रीनासोबत आलेल्या टीनाच्या गालभर चॉकलेट लागलं. "आबा, पुढच्या वाढदिवसालाही हाच हवा!" तुलाराम नुसते बघत बसले, स्वतः घास घेतला नाही. चार दिवस घर भरलेलं होतं.

निघताना रीनानं पिशवीतून छोटा डिजिटल काटा काढला. "आता यावर मोजा, बाबा. चूक होणार नाही." मग मला उचललं. "हे नेऊ का? आईची आठवण."

तुलारामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "ने ना. तुह्या मायचंच हाय."

रिकामं माप घराबाहेर देऊ नये म्हणून त्यांनी मला तांदळानं शिगोशीग भरलं. "बॅगेत सांडेल, बाबा," म्हणत रीनानं ते तांदूळ डब्यात परत ओतले. ती काही वाईट नाही. गाडीची वेळ झाली होती.

आता मला कुणी भरत नाही. दर रविवारी फोन येतो, तो स्पीकरवर असतो म्हणून मला ऐकू येतो.

"चिपटं बरं हाय ना?" तुलाराम विचारतात.

"हो बाबा, शोकेसमध्ये आहे."

"त्याच्याबिगर भाताचा अंदाज येत नाही मले."

"काटा दिलाय ना?"

"हाय ना. काटाबी हाय." मग फोन ठेवला जातो.

रीना, अगं, पितळेच्या तुकड्याची एवढी चौकशी कोण करतं? ते माझ्याबद्दल नाही गं, तू कधी येशील ते विचारतात. पुढच्या वाढदिवसाची वाट कशाला बघतेस? मला या काचेतून काढ, पिशवीत घाल आणि मला परत द्यायचं निमित्त करून तरी जा.