पालखीची टोपी

निशाला छंद लागला की सगळ्या घराला त्याची झळ बसते. क्रोशा झाला, साबण झाले, आता मार्बलिंग. पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीने नक्षी काढायची आणि ती अलगद कागदावर उचलायची. मोबाइलवर बघायला सोपं. बाळकुमच्या घराच्या गच्चीत मात्र रंग दर वेळी तळ गाठायचे.

शेवटी तिने साबुदाण्याची दाट खळ शिजवून टबात ओतली, वर निळे-हिरवे थेंब सोडले आणि रंग चक्क तरंगले. काडी फिरवताच मोरपिसं उमटली. ती आनंदाने एकटीच नाचली आणि कागद आणायला खाली पळाली.

तेवढ्यात सासूबाई, लक्ष्मीबाई, वर आल्या. चष्मा खालीच राहिलेला. टबात खळ, वर नीळ! सुनेला एकदाची अक्कल आली म्हणून त्यांना भरून आलं आणि त्यांनी नवऱ्याची, काळुरामची, कोरी पांढरी टोपी त्यात बुडवली.

ही टोपी साधीसुधी नव्हती. संध्याकाळी गावदेवीची पालखी होती. पुढच्या खांद्याचा मान काळुरामने चुलतभाऊ धाकूशी भांडून मिळवला होता, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. जुन्या टोप्यांची तर लक्ष्मीबाईंनी कधीच फडकी केलेली. आता टोपीवर मोर नाचत होते आणि धुऊनही ते हलेनात. गाव हसणार, धाकू सगळ्यात आधी हसणार.

"चूक माझी आहे, बाबा," निशा सासऱ्यांना म्हणाली.

"बुडवली मी," लक्ष्मीबाई पुटपुटल्या.

काळुरामने वाळलेली टोपी घातली, आरशात बराच वेळ पाहिलं आणि ते तसेच निघून गेले. बोडक्या डोक्याने पालखीला खांदा देणाऱ्यांतले ते नव्हते.

सासू-सुना ओट्याला टेकून बसल्या. ताशा जवळ आला, लांब गेला. निशाने मनातल्या मनात सगळे रंग गटारात ओतून टाकले.

काळुराम परतले ते उघड्या डोक्याने. निशाला रडूच फुटलं.

"रडतंस कनाला? धाकूनं काढून घेतली," ते म्हणाले. "म्हनतो, तुज्याशी बोलेन, पन टोपी नाय देनार. उद्या माना दुसरी कर. त्याच्यापरीस भारी."

निशा डोळे पुसून हसायला लागली, ती थांबेचना. लक्ष्मीबाई तोवर साबुदाण्याचा डबा शोधायला उठल्या होत्या.