तिघांत एक खोली

छोटीचं वय छत्तीस होतं. चष्म्याच्या दुकानात ती लागली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिच्या आधीपासून तिथे एक थोराड बाई कामाला होती. म्हणून काकांनी हिला छोटी म्हणायला सुरुवात केली. ती थोरली वर्षभरात सोडून गेली, पण छोटी छोटीच राहिली. गिऱ्हाइकं, माल पोचवणारे, समोरचा औषधवाला, सगळे तिला त्याच नावाने हाक मारत.

काका म्हणजे कुणी नात्यातले नव्हेत, दुकानाचे मालक. पण मालक म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते पुढे बसून गिऱ्हाइकांचे नंबर तपासत आणि जगाच्या गप्पा मारत. मागच्या चिंचोळ्या खोलीत छोटी काचा मापाला घासून फ्रेममध्ये बसवत असे. तिच्या हातचा चष्मा नाकावरून घसरला अशी तक्रार घेऊन कधी कुणी आलं नाही.

त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, एका मोठ्या कंपनीची चष्म्यांची शोरूम निघणार होती. त्यांनी छोटीला बोलावून घेतलं आणि आतल्या कामाची प्रमुख म्हणून घेतलं. पत्रावर तिचं पूर्ण नाव छापलेलं होतं. तिने ते तीनदा वाचलं आणि सही केली. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

आता फक्त काकांना सांगायचं राहिलं होतं.

पहिल्यांदा सांगायला गेली तेव्हा काकांनी दाढ काढलेली, गालाला रुमाल. दुसऱ्यांदा दुकानात गर्दी. तिसऱ्यांदा ती काउंटरपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, थोडं बोलायचं होतं."

"थांब, आधी माझं ऐक," म्हणत काकांनी खणातून लांबट पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. जहाजाची तिकिटं. चार दिवसांची सहल. "तू, मी आणि काकू. चौदा वर्षांत तू एकदाही धड सुट्टी घेतली नाहीस. नाही म्हणायचं नाही, सांगून ठेवतो."

तिने नाही म्हटलं नाही. घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. "तोंड कशाला दिलंय तुला देवाने?"

"बंदरावर सांगते," ती म्हणाली. "चढायच्या आधी."

बंदरावर गेल्यागेल्या हमालांनी बॅगा घेतल्या आणि त्या एका पट्ट्यावरून आत निघून गेल्या. मग रांग सुरू झाली. दोऱ्या लावून तिची अशी काही वळणं काढली होती की तीच माणसं समोरून पाचपाच वेळा जात. तिघांचे पासपोर्ट काकांच्या फायलीत होते. छोटीने हात पुढे केला तर म्हणाले, "असू दे माझ्याकडे, हरवशील." काका नवी पांढरी टोपी घालून आले होते आणि दर दोन मिनिटांनी ती नीट करत होते. काकू रांगेतल्या प्रत्येक बाईशी बोलत होत्या. छोटी दर वळणावर स्वतःला सांगत होती, पुढच्या वळणावर बोलायचं.

तेवढ्यात एक फोटोवाला आडवा आला. त्याने तिघांना एका मोठ्या चित्रापुढे उभं केलं. चित्रात खऱ्या समुद्रापेक्षा निळा समुद्र होता.

"घरचीच मंडळी ना सगळी?"

"घरचीच," काका म्हणाले आणि छोटीला खांद्याला धरून मधे घेतलं.

टेबलापाशीच्या मुलीने पासपोर्ट तपासून फाईल काकांना परत केली आणि तिघांच्या हाती एकेक कार्ड ठेवलं. छोटीने आपलं कार्ड पाहिलं, काकूंचं पाहिलं. खोलीचा आकडा तोच.

"काकू, माझी खोली?"

"अगं, एकच घेतली. मुलीसारखी तू, वेगळी खोली कशाला?"

काका पुढे निघालेही होते. मागून माणसं ढकलत होती. जहाजावर चढायचा पूल संपला, पायाखाली गालिचा आला आणि कुणीतरी तिच्या हातावर वासाचं पाणी शिंपडलं.

खोली जहाजाच्या पोटात होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. आत एक मोठा पलंग आणि त्याच्या वर, भिंतीतून ओढून काढलेली फळी: तिसरी गादी. वर चढायला शिडी. पलंग आणि कपाट यांच्यामधून एकाच माणसाला जाता येईल एवढीच वाट. एका भिंतीवर जाड पडदा होता. छोटीने तो सारला तर मागे आरसा. आरशात पलंग, फळी आणि तोंड वासून उभी असलेली ती स्वतः.

"मी जरा जहाज बघून येतो," म्हणून काका टोपी सावरत बाहेर पडले.

काकू पलंगावर बसल्या, चपला काढल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "एक तारखेलाच जायचंय का गं तुला?"

छोटीच्या हातातली पर्स खाली पडली. "कुठे?"

"उगीच वेड पांघरू नकोस. त्या शोरूमच्या गाळ्याच्या मालकाची बायको रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला येते. तिच्या पोटात तीळ भिजत नाही."

"काकांना माहीत आहे?"

"छे. त्यांना काही पत्ता नाही. सहलीचं माझंच डोकं. म्हटलं, चार दिवस एकत्र राहू, जेवू, हसू. तुझं मन वळेल."

"म्हणून एकच खोली?"

काकूंनी चपला पलंगाखाली सरकवल्या. "म्हणून एकच खोली."

छोटी शिडीच्या दांड्याला धरून उभी राहिली. बसायला जागाच नव्हती, बसायचं तर काकूंच्या शेजारी. "काकू, तुम्ही मला कोंडलंत."

"कोंडलं काय म्हणतेस? फिरायला आणलंय तुला." पण त्यांचा आवाज खाली आला. "त्यांचे हात थरथरतात, छोटी. घरी चहाचा कप धरवत नाही. दुकानातलं तू सांभाळून घेतेस म्हणून झाकलंय सगळं. तू गेलीस तर दुकान सहा महिनेसुद्धा तगणार नाही."

"ठाऊक आहे मला." ते ठाऊक होतं म्हणून तर जीभ उचलत नव्हती.

"मग निदान हे चार दिवस गप्प राहा. लहान मुलासारखे खूश आहेत ते. परत गेल्यावर काय ते सांग."

छोटीने पर्स उचलली. कार्ड घेऊन बाहेर पडली आणि बोळातून जवळजवळ पळत सुटली. दोन जिने चुकली, एकदा स्वयंपाकघराच्या दारात पोचली, शेवटी जहाजावर चढायचा पूल सापडला. पुलाच्या तोंडाशी गणवेशातला रखवालदार उभा होता.

"मला उतरायचं असेल तर?"

"अजून पाऊण तास आहे. कार्ड आणि पासपोर्ट दाखवा."

पासपोर्ट काकांच्या फाईलमध्ये. तिने नवऱ्याला फोन लावला.

"उतरून ये," तो म्हणाला.

"पासपोर्ट काकांकडे आहे."

"मग माग त्यांच्याकडे!"

"काय म्हणून मागू?"

तिने फोन ठेवला. ती काकांना शोधायला निघाली. वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या हौदापाशी, जिन्यात, कुठेच त्यांची पांढरी टोपी दिसेना. दिसल्या त्या पन्नास, सगळ्या दुसऱ्यांच्या. मग भोंगा वाजला, सात वेळा तोकडा आणि एकदा लांबलचक. सगळ्यांनी संकटकाळच्या सरावाला आपापल्या जागी जमायचं होतं. खोलीच्या आकड्यावरून जागा ठरलेली, म्हणजे काका-काकू तिथेच असणार.

होतेच. काकू मागच्या रांगेत, काका पुढच्या. छोटीला काकांच्या शेजारी उभं केलं गेलं. सगळ्यांना केशरी लाइफ जॅकेटं दिली होती. ती कशी घालायची ते एक मुलगी खुर्चीवर उभी राहून दाखवत होती. काकांनी जॅकेट डोक्यातून घातलं, पण पट्टा काही बकलात जाईना. एकदा, दोनदा. हात थरथरत होते. ते कुणी पाहू नये म्हणून काका हसत होते.

"आणा इकडे," छोटी म्हणाली आणि त्यांच्यासमोर वाकून पट्टा ओढायला लागली.

"परत गेलो की दुकानाची पाटी बदलायची," काका तिच्या डोक्यावरून म्हणाले. "पाटीवाल्याशी बोललोय मी. माझ्या नावाखाली तुझं. छोटी नाही हं, पूर्ण नाव."

बकल खट्‌कन बसलं. छोटी सरळ उभी राहिली. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं.

"काका, मी त्या नव्या शोरूममध्ये चाललेय. एक तारखेपासून."

"कुठल्या शोरूममध्ये?"

"आपल्या रस्त्यावरच्या. चार दुकानं सोडून."

"पुढे बघा, पुढे बघा," खुर्चीवरची मुलगी ओरडली. "सराव संपेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही."

दोघांनी पुढे पाहिलं. वीस मिनिटं. खलाशांनी होड्या कशा उतरतात ते सांगितलं, मग शिटी कुठे असते ते सांगितलं. काकांची मान ताठ होती आणि कानाची पाळी लाल झाली होती. त्यांचा कोपर छोटीच्या जॅकेटला टेकला होता आणि दोघांनाही तो बाजूला घेता येत नव्हता, इतकी दाटी.

सुटका झाल्यावर काकांनी विचारलं, "सही केलीस?"

"केली."

"तिकिटं दाखवली तेव्हा झाली होती?"

"हो."

काका वळले आणि गर्दीतून वाट काढत खाली गेले. मागोमाग छोटी, तिच्यामागे जॅकेटचे पट्टे लोंबवत काकू. रिसेप्शनच्या टेबलावर काकांनी फाईल आपटली. "मला उतरायचंय."

तिथल्या बाईने अदबीने सांगितलं की सरावाच्या वेळीच पूल काढला. "आपण निघालोय, काका." काकांनी काचेतून बाहेर पाहिलं. धक्क्यावरची माणसं हळूहळू मागे सरकत होती. जहाज कधी हललं ते कुणालाच कळलं नव्हतं.

खोलीत आले तर दारातच तिघांच्या बॅगा. त्या ओलांडून आत जावं लागलं. काका पलंगाच्या कडेला बसले. काकूंना राहवेना. त्या म्हणाल्या, "अहो, मला माहीत होतं. म्हणूनच मी..."

"तुला माहीत होतं?" काका एकदा बायकोकडे, एकदा छोटीकडे पाहत राहिले. "म्हणजे मी एकटाच मूर्ख. टोपी घालून मिरवतोय."

"मी बाहेर जाते," छोटी म्हणाली.

"जाशील कुठे? सगळीकडे पाणी आहे."

ती शिडीच्या खालच्या पायरीवर टेकली. तिचे गुडघे काकांच्या गुडघ्यांना लागत होते. "काका, राग मानू नका. दोन वर्षं तुमचे हात चालत नाहीत. तुम्ही घेतलेली मापं मी आत बसून परत घेते. स्क्रू तुम्ही घट्ट केला असं गिऱ्हाइकाला वाटतं, तो मी केलेला असतो. मी कधी बोलले नाही. पण तुम्हीही बोलला नाहीत. एकदा तरी म्हणायचं होतंत."

काकांनी हात मांडीखाली घेतले. "पहिल्यापासून कळलं होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

 वर कुठेतरी गाण्याचा ताल चालू होता, तो नुसता छताच्या पत्र्यातून जाणवत होता.

"पाटीचं आधी सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

हो म्हणणं सोपं होतं. काकू डोळ्यांनी तेच विनवत होत्या.

"नाही," छोटी म्हणाली. "तरीही गेले असते."

काकू रडायला लागल्या. काकांनी त्यांना गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. टोपी काढून ती उशीवर ठेवली, मग उचलून बॅगेत कोंबली. जेवणाची घंटा झाली तेव्हा तेच आधी उठले. "उपाशी बसून काय होणार आहे? चला."

जेवणाच्या दालनात त्यांच्या खोलीच्या आकड्याचं टेबल ठरलेलं होतं. तीन खुर्च्या. वाढप्याने हसून सांगितलं की चारही दिवस हीच जागा.

"एकट्याचं टेबल मिळेल का कुठे?" काकांनी विचारलं.

"सगळं भरलंय, काका."

काका क्षणभर उभे राहिले. सगळ्या दालनात तेवढेच उभे होते. मग खुर्ची ओढून छोटीसमोर बसले आणि पाव मोडायला घेतला. तुकडे टेबलक्लॉथवर सांडले. छोटीचा हात सवयीने पुढे आला, तिने तो मागे घेतला.

"सुट्टी असते तिथे आठवड्याची?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"असते. रविवारी."

"हं." त्यांनी सूपचा चमचा उचलला. तो वाडग्यावर खडखडला तसा खाली ठेवला, आणि या खेपेला कुणाचीही नजर न चुकवता वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. शेजारच्या टेबलावरची मुलं टकामका बघायला लागली. काकूंनी डोळे पुसून पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला. छोटीने आपलं सूप संपवलं. तिला भूक लागली होती.