पत्राचे उत्तर मी स्वतः देईन

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि आता अर्धाच उरलो आहे. आम्ही दोघे होतो. उजवी बाजू माझी, डावी तिची. रुसे शहरात, डॅन्यूब नदीपासून तिसऱ्या गल्लीत, एका सुताराने आम्हा दोघांना एकाच अक्रोडाच्या खोडातून कापले. पुढे एका हिवाळ्यात कोळशाची गाडी मागे घेताना चालकाचा अंदाज चुकला आणि डावी फळी मधोमध फुटली. तिच्या जागी नवी फळी आली. ती चांगली आहे, रंगही जुळवून दिला आहे. पण आमचे बोलणे होत नाही. हे सांगायचे कारण एवढेच, की मी ज्याची हकीकत सांगणार आहे तोही एकटा राहिलेला माणूस आहे, आणि त्यातले मला थोडे कळते.

आधी माझ्यामागे घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते. तो म्हातारा झाला, दुकान बंद पडले. मग नऊ वर्षे मला कोणी उघडले नाही. लोकांनी माझ्यावर हवे ते कागद चिकटवले, मुलांनी खिळ्याने नावे कोरली. माझी बिजागरी गंजली.

मग एका वसंतात ओग्न्यान रादुलोव आणि त्याची बायको नेदा आले. दोघांनी मिळून माझा जुना रंग खरवडला. नेदा शेजारच्या पेन्का शिंपिणीला म्हणाली, "जागा लहान आहे, ओल आहे, पण दार बघ ना. ह्या दारासाठीच घेतली." माझ्या साऱ्या आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली, पण ती पुष्कळ आहे.

ओग्न्यान मानसतज्ज्ञ आहे. पोट दुखले की आपण डॉक्टरकडे जातो, तसे मन दुखले की लोक त्याच्याकडे येतात. मी उघडलो की आधी बाहेरची खोली लागते. तिथे बाक, टेबल, फोन आणि संगणक. तिच्या पलीकडे आतली खोली, तिला कापूस भरलेले दुसरे दार आहे. आतले बोलणे मला ऐकू येत नाही. ते बरेच आहे.

बाहेरची खोली नेदाची होती. फोन ती उचलायची. पत्रांना उत्तरे ती द्यायची. वेबसाइट आली तेव्हा तीही नेदानेच सांभाळली. कोणी फोन करून नुसते गप्प राहिले तर ती म्हणायची, "काही घाई नाही. मी चहा ढवळतेय, तुम्ही आठवा काय सांगायचं ते." मग बहुतेक लोक बोलायचे. ओग्न्यान आतले काम करायचा आणि बाहेर काय चालते ते त्याला माहीतच नसायचे. अठरा वर्षे असे चालले.

गेल्या नोव्हेंबरात नेदा गेली. आमच्याकडे माणूस गेले की त्याचा फोटो आणि नाव छापलेला काळ्या चौकटीचा कागद घराच्या आणि कामाच्या दारावर लावतात. चाळीस दिवसांनी नवा लावतात, सहा महिन्यांनी आणखी एक. नेदाचा कागद माझ्यावर लागला. मी आयुष्यात खूप कागद अंगावर घेतले, पण इतका जड कोणताच नव्हता.

ओग्न्यानने काम थांबवले नाही. पण फोन वाजायचा तेव्हा तो आतल्या खोलीत असायचा. पत्रे साठत गेली. वेबसाइटवर दोन वर्षांपूर्वीच्या सुट्ट्या दिसत होत्या. नवे लोक येईनात. जागेचा मालक येऊन सांगून गेला, "ओग्न्यान, कोणीतरी नखं रंगवायचं दुकान टाकायला जागा मागतंय. मी तुला घालवत नाहीये. पण संत दिमितरच्या दिवसापर्यंत सांग, राहतोस की सोडतोस." तो दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. सौदे करायचे किंवा मोडायचे ते आमच्याकडे जुन्या काळापासून त्याच दिवशी.

ओग्न्यानला जागा सोडायची नव्हती. दोघांनी रंग खरवडलेले हे दार त्याला बंद होऊ द्यायचे नव्हते. त्याने ठरवले, वेबसाइट मी स्वतः शिकेन.

मे महिन्यात त्याने रस्त्यापलीकडे उभे राहून माझा फोटो काढला आणि वेबसाइटवर लावला. खाली लिहिले, 'आम्ही इथे आहोत.' त्या संध्याकाळी तो बराच समाधानी दिसला.

पुढचे तीन आठवडे फोन एकदाही वाजला नाही.

मग एका सकाळी वासिलका बाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, पूर्वी दर मंगळवारी येत. त्यांच्या हातात लाल फुलांचा गुच्छ होता. त्यांनी तो माझ्या उंबरठ्यावर ठेवला, डोळे पुसले आणि वळणार तोच ओग्न्यानने आतून मला उघडले.

बाईंनी एक पाऊल मागे घेतले.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात ना?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? वर."

ओग्न्यानने खाली पाहिले. फुले सहा होती. आमच्याकडे जिवंत माणसाला फुले देताना संख्या विषम ठेवतात, गेलेल्या माणसासाठी सम. हे लहान पोरालाही कळते.

"तुम्हीच तर फोटो टाकलाय," बाई म्हणाल्या. "पाटीवर तुमचं नाव, त्याखाली काळी चौकट. फोनवर एवढंसं दिसतं. रादुलोव की रादुलोवा, नवरा की बायको, कोण वाचतंय? आमच्या सगळ्या बिल्डिंगीत तुम्ही वारलात."

खरी गोष्ट अशी, की सहा महिने रोज पाहून ओग्न्यानला तो कागद दिसायचाच बंद झाला होता. नेदा गेली हे त्याला क्षणभरही विसरता येत नव्हते, पण ती गेल्याचा कागद फोटोत आला आहे हे त्याला कळले नाही.

बाईंनी गुच्छ उचलला, त्यातले एक फूल काढून आपल्या कोटाला खोवले आणि उरलेली त्याच्या हातात दिली. "घ्या. आता पाच आहेत. आणि मंगळवार माझा आहे, दुसऱ्या कोणाला देऊ नका."

पेन्काला हे कळले तेव्हा ती सुईदोरा हातात घेऊनच आली. "अरे ओग्न्या, लोक दुकानाची जाहिरात करतात. तू आपल्याच मरणाची केलीस."

"चूक झाली, ताई."

"झाली ना? मग हे काम ज्याला येतं त्याला दे. मी माझ्या दातांचं काम माझ्या कात्रीने करते का?"

तिचे म्हणणे त्याला पटले. जूनमध्ये त्याने एका जाहिरात कंपनीला बोलावले. तिथून देयान नावाचा तरुण आला. नीट, कामाचा माणूस. त्याने कागद काढायला सांगितले नाही. तो बाजूने उभा राहिला आणि फक्त माझी मूठ, पाटी आणि अर्धवट उघडी फट दिसेल असा फोटो घेतला. एका दुपारी वेबसाइट दुरुस्त केली. नकाशावर आमची जागा चुकून शेजारच्या बेकरीवर होती, ती हलवली.

"आता एक महिना सगळं आमच्याकडे सोडा, काका," तो म्हणाला. "फोटो, मजकूर, पत्रांना उत्तरं, सगळं. पटलं तर कायमचं ठरवू."

ओग्न्यानने सोडले. फोन वाजू लागला. बाकावर माणसे दिसू लागली. माझी बिजागरी दिवसभर चालू राहिली आणि मला वाटले, आता काळजी मिटली. पेन्का पालक भरून भाजलेली बनित्सा घेऊन आली आणि म्हणाली, "बघ, ऐकलंस म्हणून." एवढे चांगले चालले असताना नाही कोण म्हणणार?

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा एक उंच माणूस आला. त्याने घंटी वाजवली नाही. माझ्यासमोर उभा राहिला, नेदाचा कागद वाचला, निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा ओग्न्यान बाहेरच्या खोलीत होता. त्याने मला उघडले.

"आत येत नाही," तो माणूस म्हणाला. "एक विचारायचं होतं, म्हणून आलो. माझं नाव स्पास. ट्रॉलीबस चालवतो. चालवत होतो."

"विचारा ना."

"मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. माझी बायको इस्पितळात वारली. माझा रस्ता त्या इस्पितळावरून जातो. तिथे थांबा आहे. मला तिथे बस थांबवता येत नाही. दोनदा माणसं उतरायची राहिली. हे लिहायला मला चार दिवस लागले. मी काही लिहिणारा माणूस नाही. पाठवलं, आणि एका मिनिटात तुमचं उत्तर आलं. 'तुमच्या भावना मला पूर्णपणे समजतात.' पुढे भेटीच्या वेळा, आणि एक हसणारं तोंड."

स्पासने माझ्यावरच्या पाटीकडे बोट केले.

"एका मिनिटात तर माझं पत्र वाचूनसुद्धा होत नाही. मग समजलं काय तुम्हाला? एवढंच विचारायचं होतं."

मी पुष्कळ वर्षे माणसांचे चेहरे पाहिले आहेत. लाज वाटलेला माणूस बहुतेक वेळा दार लावून घेतो. ओग्न्यानने मला पुरते उघडले.

"ते उत्तर मी लिहिलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमचं पत्र मी वाचलेलंच नाही. ते माझ्या नावाने गेलं, म्हणजे चूक माझी. पत्र जवळ आहे?"

स्पासने फोन काढून दिला. ओग्न्यान उंबरठ्यावरच उभा राहून वाचू लागला. हळू वाचत होता, मध्येच मागे जाऊन पुन्हा वाचत होता. गल्लीतून दोन गाड्या गेल्या, एक बाई कुत्रा घेऊन गेली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "थांब्याचं नाव तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही."

"नाही लिहवलं."

"हं."

स्पासने पायपुसण्यावर बूट घासले आणि आत आला.

चार दिवसांनी देयान कायमचा करार घेऊन आला. सोबत यादीही होती. आलेल्या लोकांकडून चार चांगले शब्द लिहून घ्यायचे, वेबसाइटवर पसंतीचे तारे द्यायला लावायचे, आणि वर मोठ्या अक्षरांत 'तीन भेटींत दुःखातून बाहेर'.

ओग्न्यानने चष्मा लावून सगळे वाचले. मग पेन घेऊन काट मारायला सुरुवात केली.

"जो माणूस रडून बाहेर पडतोय त्याला मी तारे मागणार नाही. हे गेलं. तीन भेटींत, हे खोटं आहे. मी आठ महिने झाले बाहेर आलेलो नाही. हेही गेलं. पत्रं माझ्याकडे येतील, उत्तर मी स्वतः देईन."

"काका, रागावू नका, पण तुम्ही दिवसाला पाच माणसं बघता. उत्तर कधी देणार?"

"दुपारी दोन ते तीन. त्या वेळात कोणाला भेटायचं नाही."

"लोक एवढे थांबत नाहीत हो. आजकाल कोणी दोन तास थांबत नाही."

"पिझ्झा मागवणारा थांबत नाही. ज्याला लिहायला चार दिवस लागतात तो दुपारपर्यंत थांबतो."

"मग सगळं तुम्हीच करा की. आम्ही कशाला?"

"मी केलं होतं. मी स्वतःला मारलं." ओग्न्यान हसला नाही, पण देयान हसला, कारण ती गोष्ट आता सगळ्या गावाला माहीत होती. "फोटो तुम्ही काढा. नकाशा, वेबसाइट, सुट्ट्या, सगळं तुमच्याकडे. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. लोकांना दारापर्यंत तुम्ही आणा. दार मी उघडेन."

"असं अर्धं काम आमच्याकडे देत नाहीत. घेतलं तर सगळं."

"मग कोणतंच नको. तुमच्या साहेबांना सांगा, म्हातारा ऐकत नाही."

देयान कागद घेऊन गेला. मी त्याच्यामागे बंद झालो. खरे सांगतो, मला भीती वाटली. नखे रंगवण्याच्या दुकानाला काचेचे दार लागते, हे मला माहीत आहे.

नऊ दिवस काही झाले नाही. ओग्न्यान मात्र दुसऱ्याच दिवशी दोन वाजता नेदाच्या खुर्चीत बसला. इतके महिने त्या खुर्चीवर कोणी बसले नव्हते. त्याने साठलेली पत्रे काढली आणि सर्वांत जुन्या पत्रापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी एका तासात दोनच उत्तरे झाली. दहाव्या दिवशी देयान आला आणि त्याने दारातूनच सांगितले, "साहेब हो म्हणाले. अर्धं तर अर्धं. पण म्हणाले, अशी दोन गिऱ्हाइकं मिळाली तर कंपनी बुडेल."

"एकच आहे म्हणावं," ओग्न्यान म्हणाला आणि सही केली.

जून महिन्याइतका फोन आता वाजत नाही. ते मी लपवत नाही. पण जे येतात ते घंटी वाजवतात आणि आत येतात. संत दिमितरच्या दिवशी मालक आला. ओग्न्यानने त्याला बाकावर बसवले आणि म्हणाला, "राहतोय." मालकाने टोपी काढून पुन्हा घातली. एवढ्यात ते ठरले. स्पास अजून त्या रस्त्यावर बस चालवत नाही, दुसऱ्या रस्त्यावर चालवतो. पण तो दर शुक्रवारी येतो.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला फार शहाणपण नाही. तरी इतकी वर्षे माणसे आत-बाहेर जाताना पाहून एक कळले आहे. आपल्याला न येणारे काम दुसऱ्याकडे खुशाल द्यावे, त्यात कमीपणा नाही. पण कोणी आपल्या विश्वासाने काही लिहिले असेल, तर ते आपणच वाचावे, आणि पुरते वाचावे. तुमच्या घरी, शाळेत कोणी मोठी गोष्ट सांगायला आले आणि त्याला शब्द सापडेनात, तर त्याच्या आधी उत्तर देऊन टाकू नका.

दोन वाजत आले. ओग्न्यान आता आतल्या खोलीतून येईल, चष्मा पुसेल आणि वाचायला बसेल. तुम्ही गल्लीतून जाणार असाल तर जरा हळू बोला.