ताईच्या रजईतली भर

रजई कशीही शिवा, अब्रू आतल्या भरीवर असते, हे ताईचं वाक्य. गिऱ्हाईक वरच्या कापडावर भाळतं. आतलं आम्ही दोघी बहिणी ठरवतो. तान्ह्या बाळाला कापूस, हाडं कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांना लोकर, आणि दर आठवड्याला रजई मशीनमध्ये घालून तिचा जीव घेणाऱ्यांना पॉलिस्टर. ताई प्रत्येक नमुन्यावर जड इस्त्री ठेवायची, उचलायची आणि बघत बसायची. फुगून वर आला तर पास, खड्डा राहिला तर नापास. जुन्या गाद्यांचा कापूस आम्ही पुन्हा पिंजून वापरतो, पण ज्या गादीवर माणूस गेलं तिचा कधीच नाही. हा नियमही ताईचाच.

भाऊजी गेले आणि तिची झोप उडाली. "अंगावर काही आहे असं वाटतच नाही गं," म्हणायची. मग स्वतःसाठी रजई करायला बसली. पॉलिस्टर हातात घेतलं नि म्हणाली, "हे काय, फुंकर मारली तर उडेल." लोकरीला ऊब होती, पण वजन नव्हतं. नवा कापूस दुप्पट भरून पाहिला, तरी नाक मुरडलं.

"एवढे नखरे नवरा निवडताना केले नव्हतेस," मी म्हणाले.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मला बरं वाटलं.

थोड्या दिवसांनी रजई तयार झाली. भर कोणती घातलीस विचारलं तर म्हणाली, "मिळाली मनासारखी." मी माळ्यावर जाऊन पाहिलं. भाऊजी ज्या गादीवर गेले तिची नुसती खोळ उरली होती, नीट घडी घातलेली.

ताईला झोप लागू लागली, आणि मग ती उठेनाशीच झाली. कामाला येणं थांबलं. मी ठेवलेला डबा तसाच परत यायचा. गाल आत गेले, पण चेहरा मात्र नव्या नवरीसारखा. ही अशीच झोपेत माझ्या हातची जाणार, या भीतीनं मला काही सुचेना. समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी कात्री घेऊन तिच्या खोलीत शिरले. रजई पलंगावर पसरलेली होती. ताईच्या बाजूला सपाट, भिंतीकडे फुगलेली. तिथं मी तळवा दाबला. हात उचलायच्या आधीच खालून रेटा आला.

टाके आतल्या बाजूनं उसवायचे म्हणून मी पलंगावर आडवी होऊन रजई वर ओढली. खांद्यावर वजन आलं, झोपेत कुणी हात टाकावा तसं. ऊबही होती. कात्री कुठं घसरली कळलं नाही. खरं सांगते, मला उठावंसं वाटेना.

ताई ओल्या केसांनी दारात उभी होती. आता ही आकांत करणार असं मला वाटलं. पण ती जवळ आली, मायेनं वाकली.

"सरका जरा," ती म्हणाली.

"सरकते," म्हणत मी अंग चोरलं.

"तुला नाही गं," ताई म्हणाली.

माझ्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, पलंग करकरला.