उचलबांगडी

वर्गातल्याच चौघांनी नक्कल म्हणून जीशानचे हातपाय धरले, त्याला झोळीसारखं उचललं आणि हसनाबादच्या जुन्या शाळेच्या ओट्यावर आणून टाकलं. सहावीचा अख्खा वर्ग खिदळला. पूर्वी शाळा कशी असायची हे बघायला पोरं परतूरहून आली होती आणि दैवशाला मॅडमनी गावातल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना, बद्रीनाथला आणि तातेरावला, मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

बद्रीनाथला बोलायला काय, निमित्तच हवं. शाळा बुडवली की गुरुजी चार दांडगी पोरं पाठवायचे, ती बुडव्याला अशी टांगून आणायची, आणि या तातेरावची उचलबांगडी तर आपणच केली, हे त्याने पारावर सांगून सांगून पार गुळगुळीत केलं होतं. तातेराव सवयीने हसला. पुढे काय येणार ते त्याला ठाऊक होतं. आज लेकरांसमोर तरी ते नको, असं त्याला फार वाटत होतं.

पण आलंच. वेशीपासून एक बाई कशी मागे लागली, पायात वहाण नाही, पदराचं भान नाही, 'सोडा रे त्याला' म्हणत शाळेपर्यंत कशी धापा टाकत आली, हे बद्रीनाथने धोतर खोचून पळूनच दाखवलं. गुरुजींनी तिला दारातूनच पिटाळली म्हणे. पोरांची हसून मुरकुंडी वळली.

कहकशा नावाची एक मुलगी तेवढी हसली नाही.

"ती बाई कोण होती, आजोबा?"

"कुणाला ठाव. असंल एखादी खुळी," बद्रीनाथ म्हणाला.

तातेरावने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माय होती माझी."

मग त्याने त्या मुलीकडे बघतच सगळं सांगितलं. तो इथे मामाकडे राहून शिकायचा. माय टेंभुर्णीहून भेटायला येणार म्हणून त्या दिवशी वेशीत बसून राहिला होता. ती लांबून दिसली, तो उठला आणि तेवढ्यात ही चौघं आली. शाळा सुटेपर्यंत ती परत निघून गेली होती. दिवाळीच्या सुट्टीआधीच बाळंतपणात वारली.

मॅडमनी घाईने मुलांना डबे खायला बसवलं. बद्रीनाथ खांबाला टेकून खाली बसला.

"इतकी वर्षं माझ्यासंगं हासत राह्यलास की रे," तो म्हणाला. "एकदा तरी गप बस म्हणायचं."

"लई डाव वाटलं," तातेराव म्हणाला. "पण मामा गेला, मामी गेली. तिला पाह्यलेलं आता तुझ्याबिगर कोण उरलंय?"