गोठ्यातली आळिंबी

सकाळपासून तिसऱ्यांदा सून ताट घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली आणि तिसऱ्यांदा त्यांनी तोंड फिरवलं.

"कुत्र्याच्या छत्र्या त्या! मी नाही खायचो."

"मामंजी, प्रथिनं असतात यात. लोह असतं. आळिंबीच्या शिबिरातल्या बाई म्हणाल्या..."

"मग त्या बाईलाच वाढ की!"

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकाम्या गोठ्यात पेंढ्याच्या ओल्या पिशव्या टांगून महिनाभर तिनं ही आळिंबी तान्ह्या पोरासारखी जपली होती. पीक उदंड आलं, पण गावात खाणार कोण? त्यात आज दुपारी व्यापारी म्हैस घेऊन येणार होता. एकदा ती गोठ्यात बांधली की पिशव्या उकिरड्यावर जाणार, हे सासऱ्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

चूक तिचीही होतीच. ती आळिंबी बादलीभर पाण्यात खळखळून धुवायची आणि सत्त्व वाया जाऊ नये म्हणून तेलाचा थेंब न घालता उकडायची. ते गिळगिळीत प्रकरण शेजारणीनं "छान आहे हो" म्हणत घरी नेलं आणि कोंबड्यांपुढे टाकलं. कोंबड्यांनीही चोच लावली नाही.

"खड्ड्यात गेलं ते सत्त्व!" सून चुलीपुढे बसली. उरलेली आळिंबी तिनं न धुता नुसती फडक्यानं पुसली, फाडली आणि कढत तेलात टाकली. भांडण काढल्यासारखी ती उलथनं आपटत होती. कडा तांबूस, कुरकुरीत झाल्या. वरून ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड. वास थेट ओसरीवर गेला.

सासरे दारात आले. "काय तळतेस गं?"

"कुत्र्याच्या छत्र्या."

"बघू एक."

एकाचे दोन झाले, मग त्यांनी कढईच पुढ्यात ओढली.

सुनेला राहवलं नाही. "मामंजी, यात प्रथिनं..."

"गप बस. तोंडाची चव घालवू नकोस."

तेवढ्यात अंगणातून व्यापाऱ्याची हाक आली. "म्हैस आणलीय! कुठं बांधू?"

"परत ने," सासरे बोटं चाटत ओरडले. "गोठा रिकामा नाही आमचा."

सून कढईकडे वळली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तळाशी करपलेला लसूण तेवढा उरला होता.

"महिनाभर मी राबले," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आणि मला एक तुकडा ठेवला नाहीत!"