नऊ ठिकाणची वीज

बिस्किटाचा ओला तुकडा दादाच्या मिशीला चिकटला होता, आणि तो तसाच प्रवचन वाचून दाखवत होता. समोर बसलेल्या बहिणीला किळस आली. तुकड्याने कमी, वाक्याने जास्त.

“‘सैतान आकाशातून विजेसारखा पडला.’ इथे मी जरा थांबेन,” दादा म्हणाला. “मग म्हणेन, वीज उगाच कुणावर पडत नाही!”

दोघं पत्रेवाल्याच्या घरी बसली होती; तासाभराने त्याचा अंत्यविधी होता. परवा दुपारी प्रार्थनागृहाचं छप्पर दुरुस्त करताना त्याच्यावर वीज पडली होती. दादा तिथला पाळक. बहीण शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक ती चाळिशीनंतर हौसेने शिकली आणि दादाच्या प्रवचनांसाठी कार्डं करू लागली: एखादा शब्द जितक्या ठिकाणी आला, तितकी कार्डं. काल दादाने फोनवर विचारलं होतं, “विजेचं एखादं कडक वचन आहे का गं?” ती घाईत होती. आठवलं ते एक सांगून मोकळी झाली. एकटं कार्ड कुणाच्या हाती द्यायचं नाही, हा तिचाच नियम. तो तिनेच मोडला होता.

आता तिने सगळी कार्डं टेबलावर मांडली.

“अस्त्रपे, म्हणजे वीज. नव्या करारात नऊ वेळा. इथे देवदूताचा चेहरा विजेसारखा. इथे घरातल्या दिव्याचा उजेड. या दोन ठिकाणी आभाळभर दिसणारी, कुणापासून न लपणारी. या चार सिंहासनाच्या आणि कोपाच्या, भीतीदायक आहेत, मान्य. पण नऊपैकी एकीनेही माणूस मारलेला नाही, दादा. आणि तू उचललंस त्यात पडतो तो सैतान. पत्रेवाला नव्हे.”

“लोकांना नऊ लागत नाहीत, छोटे. एक पुरतं.”

“आणि त्याच्या बायकोने काय समजायचं?”

“रविवारी तो कधी प्रार्थनेला फिरकला?”

“छप्पर गळलं की फिरकायचा. तूच बोलवायचास.”

दादाने दुसरं बिस्किट बुडवलं.

“तारेचं काय?” तिने विचारलं.

छपरावरची वीज जमिनीत नेणारी तांब्याची पट्टी. काल ती स्वतः बघून आली होती. पट्टी वळचणीखाली कापलेली होती आणि कापलेल्या टोकावर पांढरा रंग अगदी नीटनेटका फासलेला होता. वर वीज झेलणारी कांब तशीच उभी, खाली वाट बंद. मग वीज पत्र्यातून आणि पत्र्यावरच्या माणसातून जाणार, दुसरं काय करणार?

“नव्या रंगावर ती सापासारखी दिसायची,” दादा म्हणाला. “कापून टाक म्हटलं रंगाऱ्याला. झालं गेलं. मयताच्या घरी असलं काही उकरायचं नसतं.”

म्हणजे आपल्या करणीचं खापर आभाळाच्या माथी, तेही तिच्या कार्डाने! कार्डं गोळा करून ती उठली.

शेजारच्या खोलीत पत्रेवाल्याची बायको शवपेटीजवळ बसली होती. हिला बघताच तिने खालच्या आवाजात विचारलं, “बाई, यांच्या हातून काही पाप झालं होतं का हो? सगळे तसंच बघतायत. पाळकसाहेब पण.”

“नाही. विजेची तार कापलेली होती. माझ्या भावाने कापायला लावली, रंग खराब दिसतो म्हणून. तुमच्या माणसाला कुणी सांगितलं नाही.”

दादा दारात येऊन उभा राहिला होता. मिशी पुसलेली, चेहरा प्रसंगाला शोभेल असा केलेला. “वहिनी, ती जरा भावनेच्या भरात...”

“तार कापली होती का?”

त्याने खोकून घसा साफ केला. मग खिशातला कागद चाचपला.

बायको उठली. बाहेर उभ्या चार माणसांना म्हणाली, “उचला. इथे काही वाचायचं नाही. आपण आपलं नेऊ.”

पेटी दारातून वाकडी करून काढावी लागली. दादाने बहिणीचा दंड धरला. “घरच्या माणसाची अब्रू घालवलीस. समाधान झालं?”

त्याचा तळवा घामाने चिकट झाला होता. तिने एकेक बोट सोडवलं आणि पेटीमागे चालू लागली.